मोरीच्या अलीकडची देवी

बेलठाणच्या खालच्या आळीत त्या मंगळवारी पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी या आळीत गर्दी व्हायची ती दोनच वेळा, नळाला पाणी आल्यावर आणि मत मागायला कुणी आल्यावर. आज मांडव घातला होता. मांडवाच्या तोंडाला फ्लेक्स होता आणि फ्लेक्सवर बारवेतल्या जळाई देवीचा फोटो. तिच्या शेजारी नगरपालिकेचे पाणीपुरवठा सभापती श्रीमंतभाऊ दराडे हात जोडून उभे होते, देवीच्या दुप्पट आकाराचे. फ्लेक्सवाल्याला देव-माणसाचं प्रमाण कळत नव्हतं असं नाही. ऑर्डर कुणाची आहे तेही त्याला कळत होतं.

आत पाटावर हळदबुवा बसला होता. पिवळं धोतर, पिवळी बंडी, कपाळाला हळद, दाढीलासुद्धा हळद. हळद लावून बसवलेला नवरदेव वऱ्हाड विसरून गेलं असावं, असा अवतार. त्याच्या शिष्यानं आळीतल्या एका नळाचं पाणी काचेच्या पेल्यात ओतलं. बुवानं चांदीच्या झारीतून त्यात तीन थेंब सोडले आणि डोळे मिटले.

"आई जळाई, पाताळाची राणी, पाइपातून येती, तोटीतून बोलती. पावली असशील तर हळद दाव. रुसली असशील तर पांढरी ऱ्हा."

पाताळातून निघालेल्या देवीला नगरपालिकेचाच पाइप का लागावा, हे कुणी विचारलं नाही. कारण पेल्यातलं पाणी सगळ्यांच्या देखत पिवळं झालं. बायकांनी पदर डोक्यावर घेतले. मागच्या बाजूला कुणीतरी रडायला लागलं.

रडू येण्यासारखं होतंच म्हणा. महिनाभर आळीतल्या बऱ्याच नळांना गढूळ पाणी येत होतं, नाकाला लावलं तर गटाराचा वास. बावीस माणसं काविळीनं आडवी झाली होती, दोन गेली होती. पोरंबाळं, म्हातारेकोतारे सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, बुधवारी नगरपालिकेवर मोर्चा न्यायचा, रिकामे हंडे घेऊन. आणि मंगळवारी बुवा आला. असे बुवा मोर्चाच्या आदल्या दिवशीच कसे येतात, याचं पंचांग कुठं मिळत असेल तर मला बघायचं आहे.

बुवानं ज्या घरचं पाणी पिवळं झालं त्या घराच्या दारावर हळदीचा पंजा उठवायला सांगितला. ज्यांचं पांढरं राहिलं त्यांच्या दारावर कोळशाची फुली. अशा एका फुलीवाल्या घरच्या बाईनं हात जोडले, तेव्हा बुवानं थाळीतल्या अंगाऱ्याची चिमूट तिच्या पेल्यात सोडली. पाणी एकदम शेंदरी झालं.

"बघा, हळदीवर शेंदूर चढला. आईचा कोप उतरला. आता पंधरा दिस घरी ह्यो पुडीतला अंगारा घ्यायचा, नळाचंच पानी प्यायचं आणि ते विस्तवावर ठेवायचं न्हाई. देवीला कोन चुलीवर ठेवतं का?"

"काविळीत पाणी उकळूनच प्यावं लागतं," मागून एक आवाज आला. "आजारी माणसाला डॉक्टरला दाखवा. आणि उद्याचा मोर्चा मोडू नका."

सगळ्या माना वळल्या. बोलणाऱ्या मालनबाई होत्या. वय साठ, अंगानं किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. एकतीस वर्षं त्यांनी आरोग्य खात्यात नर्स म्हणून काढली होती, सगळी खेड्यांतल्या उपकेंद्रांवर. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाल्या आणि या आळीतल्या आपल्या घरी येऊन राहिल्या. नवरा आठ वर्षांमागं गेलेला, मुलगा पुण्यात.

बुवानं एक डोळा उघडला. "घर कंचं ह्या माउलीचं?"

"गटारावरल्या मोरीच्या पल्याडचं पयलंच," कुणीतरी सांगितलं.

शिष्य धावत जाऊन मालनबाईंच्या नळाचं पाणी घेऊन आला. तीन थेंब पडले. पाणी पांढरंच राहिलं.

"शंका तिथं आई न्हाई," बुवा म्हणाला. "कोप हितूनच सुरू झालाय. तुमच्या आळीचं दुखनं ह्या दारातून निघालंय."

बास. एवढंच पुरलं. मालनबाईंच्या शेजारी उभ्या असलेल्या दगडाबाईंनी आपल्या मुलीचा, निकिताचा, दंड धरला आणि तिला दोन पावलं लांब ओढलं. निकिताला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आली होती. तिनं वळून मालनबाईंकडं बघितलं.

मोर्चा निघाला नाही. देवी आधी, कचेरी मग, असं ठरलं. श्रीमंतभाऊंनी मांडवात येऊन नारळ फोडला आणि त्यांना पुढचे पंधरा दिवस शांत झोप लागली असणार.

मालनबाईंच्या दारावर फुली आली. ती त्यांनी ओल्या फडक्यानं पुसली, दुसऱ्या दिवशी परत आली. मग त्यांनी पुसणं सोडलं. दूधवाली दूध उंबऱ्यावर ठेवून हाक न मारता जायला लागली. किराणा दुकानात त्या गेल्या की पुढच्या बाया सरकून वाट द्यायच्या, आणि ती वाट काही मानाची नव्हती. दिवसभरात तोंडातून एक शब्द निघायचा नाही. संध्याकाळी मुलाचा फोन आला तर स्वतःचाच आवाज त्यांना घोगरा वाटायचा.

"आई, कशाला राहतेस तिथं? इकडं ये," मुलगा म्हणायचा.

"येते," त्या म्हणायच्या, आणि जायच्या नाहीत.

न जाण्याचं कारण भिंतीपलीकडं होतं. दगडाबाईंची आणि त्यांची मधली भिंत एकच. निकिताला या जगात आणली ती मालनबाईंच्याच हातांनी, चोवीस वर्षांपूर्वी, एका पावसाळ्यात रस्ता बंद पडला म्हणून घरातच. पोर पुढं त्यांच्याच स्वयंपाकघरात वाढली. मालनबाई सुट्टीवर आल्या की चहा झाल्यावर भिंतीवर चमच्यानं दोनदा टकटक करायच्या आणि पोर धावत यायची. लग्न होऊन गेली, तरी माहेरी आली की टकटक ठरलेली. आता मालनबाईंनी चमचा वाजवला, तर पलीकडून काहीच यायचं नाही. चहा एका कपाचाच करायची सवय त्यांना पुन्हा लावून घ्यावी लागली.

रोज सकाळी त्या पाणी उकळून, गाळून, कळशीभर दगडाबाईंच्या दारात ठेवायच्या. दुपारी कळशी रिकामी दिसायची. चार दिवस त्यांना बरं वाटलं. पाचव्या दिवशी त्यांनी खिडकीतून बघितलं, दगडाबाई ते पाणी तुळशीला घालत होत्या. मालनबाई सोडल्या तर आळीत त्या पंधरवड्यात उकळलेलं पाणी पिणारी एकटी ती तुळस.

बाराव्या दिवशी, रविवारी, निकिता केस वाळवायला अंगणात बसली होती. मालनबाई कुंपणाशी गेल्या. पोरीनं मान वर केली. डोळ्यांची बुबुळं सोडून सगळं पिवळं. नखं पिवळी.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"तीन दिस झालं. जेवान जात न्हाई, मावशी."

दगडाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "तुमी बोलू नका तिच्याशी. म्हाराज म्हनलं, हळद अंगात उतरली. देवीनं पोरीला आपली म्हनलंय."

"अगं दगडे, ती कावीळ आहे. पोटुशीला कावीळ म्हणजे जिवाशी खेळ. आजच्या आज नगरला ने तिला."

"म्हंजी तुमच्या दारातला कोप माज्या दारात आनू? आमच्या दारावरली फुली मंगळवारी निघनार हाय. उद्यापन हाय मंगळवारी."

मालनबाईंनी १०८ ला फोन केला. गाडी आली. दगडाबाईंनी दारात उभं राहून सांगितलं, इथं कुणी आजारी नाही. जावई ट्रक घेऊन दक्षिणेत कुठंतरी, त्याचा फोन लागत नव्हता. गाडी रिकामी परत गेली आणि आळीनं ते सगळं आपापल्या दारातून बघितलं.

त्या संध्याकाळी मालनबाईंना घरात बसवेना. त्या आळीच्या वरच्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि तिथून परत निघाल्या. बोलायला कुणी असतं तर बोलत आल्या असत्या. कुणी नव्हतं, म्हणून दारं बघत आल्या. पंजा, पंजा, पंजा. मुबारकबीच्या दारावरही पंजा. ही म्हातारी बांगड्यांचं दुकान चालवायची, आणि या दिवसांत मालनबाईंशी आपणहून बोलणारं आळीतलं एकुलतं एक माणूस ती होती.

"तुझ्या दारावर देवीचा पंजा कसा गं?" मालनबाईंनी विचारलं.

"त्यांनी बाहेरच्या नळाचं पानी नेलं, पिवळं झालं, पंजा मारून गेले. मी ना नवस केला ना नारळ दिला. नमाज पढते मी. तुमची देवी लई मोठ्या मनाची दिसती."

दोघी हसल्या. मालनबाई पुढं निघाल्या आणि मोरीवर आल्या. मोरी म्हणजे गटारावरचा फरशीचा छोटा पूल. अलीकडचं शेवटचं दार पंजाचं. पलीकडचं पहिलं दार त्यांचं, फुलीचं. त्याच्यापुढं सगळ्या फुल्या, आळीच्या शेवटपर्यंत. अधेमधे एकही पंजा नाही. मोरीच्या अलीकडं दारुडा राहत होता, सावकार राहत होता, सुनेला छळणारी सासू राहत होती, सगळे देवीचे लाडके. पलीकडं रोज पहाटे बारवेवर दिवा लावणारे म्हातारे होते, ते तेवढे नावडते. देवी माणसं बघून रुसत असती तर मोरी बघून थांबली नसती.

देवी नाही थांबत मोरीशी. पाइप थांबतो.

आणि मग त्यांना तो शेंदरी रंग आठवला. पंधरा दिवस मनाच्या कोपऱ्यात काहीतरी कुरतडत होतं, ते हे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका खेड्यात शिपायानं विहिरीत ब्लिचिंग पावडरची अख्खी बादली उलटी केली होती. मालनबाईंनी तपासायच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले, तर पाणी पिवळ्याच्या पलीकडं जाऊन शेंदरी झालं होतं. डॉक्टर म्हणाले होते, बाई, पावडर जास्त झाली की असं होतं. एकतीस वर्षं त्यांनी बारीक नळीत फिकट पिवळा रंग बघितला होता. मोठ्या पेल्यात, मागं समई लावून, झारीच्या थेंबातून तो बघितला आणि ओळखला नाही. त्यांना स्वतःचाच राग आला.

सोमवारी त्या पहिल्या एसटीनं आपल्या जुन्या आरोग्य केंद्रावर गेल्या. नव्या सिस्टरकडून औषधाची बाटली आणि कागदाच्या पुडीत थोडी पावडर घेऊन दुपारी परत आल्या. घरात कडी लावून मुबारकबीच्या नळाचं पाणी तपासलं, पिवळं. स्वतःचं तपासलं, पांढरं. मग त्या अजिनाथकडं गेल्या. अजिनाथ नगरपालिकेचा व्हॉल्व्हमन, आळीला पाणी सोडायचं काम त्याचं. बुवाचं नाव काढताच तो म्हणाला, "त्यो? तीन वर्सांमागं आमच्या टाकीवर रोजंदारीला हुता. पावडर टाकायचा, पानी तपासायचा. चोरी केली म्हनून काढला."

"आणि मोरीखाली काय आहे, अजिनाथ?"

अजिनाथच्या बायकोनं पाणी आणून ठेवलं, ते त्यानं तिला परत न्यायला सांगितलं. मग हळूहळू बोलायला लागला. त्याचं बोलणं ऐकताना मालनबाईंचा चेहरा उतरत गेला, कारण त्यातला एक धागा थेट त्यांच्या घरापर्यंत येत होता.

"हे उद्या मांडवात सांगशील?" त्यांनी शेवटी विचारलं.

"बाई, मला लेकरं हायत."

"निकितालाही होणार आहे." एवढं बोलून त्या उठल्या.

मंगळवारी सकाळी दहाला मांडव खचाखच भरला. उद्यापन म्हणून श्रीमंतभाऊ जातीनं आले होते, मोबाईलवर बातम्या देणारे दोन पत्रकार घेऊन. दगडाबाई पहिल्या रांगेत होत्या, निकिता त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून. पोरीला बसवत नव्हतं.

मालनबाई नारळ घेऊन पुढं आल्या. त्यांनी बुवापुढं नारळ ठेवला, मान खाली घातली.

"महाराज, चुकलं माझं. चार पेले आणलेत. तुमच्या झारीनंच तपासा, आणि कोप उतरवा."

बुवाला आकाश ठेंगणं झालं. "आलं, मांजर ताटाखाली आलं," तो शिष्याला ऐकू जाईल असं पुटपुटला आणि झारी उचलली.

पहिल्या पेल्यात थेंब पडले. पिवळं. "पावली," बुवा म्हणाला.

"हे मुबारकबीच्या नळाचं," मालनबाई म्हणाल्या. "टाका दुसऱ्यात."

दुसरं पांढरं. "रुसली. ह्यो तुमचाच नळ."

"माझाच. आता तिसऱ्यात माझंच पाणी आहे, पण त्यात तुम्ही घरोघरी दिलेल्या पुडीचा अंगारा घातलाय. पंधरा दिवस लोकांनी घेतलाय तो. टाका."

बुवानं थेंब टाकले. अंगाऱ्याचं पाणी राखाडी होतं, ते राखाडीच राहिलं. मांडवात कुजबूज झाली. बुवानं घाईनं आपल्या थाळीकडं हात नेला, पण मालनबाईंनी थाळी आधीच बाजूला सरकवली होती.

"थांबा. चौथ्यात पण माझंच पाणी." त्यांनी कनवटीची पुडी सोडली, पांढऱ्या पावडरीची चिमूट पेल्यात टाकली, बोटानं ढवळली. "आता टाका."

बुवाचा हात अडला. मालनबाईंनी त्याच्या हातातून झारी घेतली आणि थेंब स्वतः टाकले. पाणी शेंदरी झालं, अगदी बुवाचं व्हायचं तसं.

"शेंदूर चढला," त्या लोकांकडं वळून म्हणाल्या. "मला ना अंगात येतं, ना मी उपास करते. ही ब्लिचिंग पावडर आहे. पाण्यातले जंतू मारायला टाकीत टाकतात ती. आणि झारीत आहे ते, पाण्यात ती पावडर पोचली का, हे बघायचं औषध. पोचली तर पिवळं, जास्त झाली तर शेंदरी, नाही पोचली किंवा वाटेत घाणीनं खाल्ली तर पांढरं. एकतीस वर्षं मी हेच केलं. महाराज टाकीवर कामाला होते, तिथं शिकले. त्यांच्या थाळीतल्या अंगाऱ्यात ही पावडर आहे, म्हणून तर एवढा कापूर जाळतात, वास दबायला. घ्या, हुंगून बघा."

थाळी हातोहात फिरली. "व्हय की, स्विमिंग टँकचा वास," एक तरुण म्हणाला.

"तुम्हाला घरी दिली ती नुसती उदबत्तीची राख. त्यात या पावडरीचा कण घातला असता आणि हंड्यात टाकायला सांगितलं असतं, तरी या माणसाच्या हातून चुकून का होईना चार जीव वाचले असते. तेवढंही पुण्य त्यानं लागू दिलं नाही."

बुवा म्हणाला, "हे विज्ञान देवीनंच दिलंय, माउली," आणि बोलता बोलता पाटावरून उठून मांडवाच्या मागच्या बाजूला गेला. थोड्याच वेळात मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. एक जण मागं पळणार होता, मालनबाईंनी त्याला थांबवलं.

"जाऊ दे त्याला, पोलीस शोधतील. त्यानं तुमच्या दारांवर एक काम मात्र बरोबर केलंय. पंजा म्हणजे पावडर पोचली, फुली म्हणजे नाही पोचली. सगळे पंजे मोरीच्या अलीकडं, सगळ्या फुल्या पलीकडं." मग त्या श्रीमंतभाऊंकडं वळल्या. "भाऊ, पाणी सभापती तुम्ही आहात. शेवटच्या पंजापासून माझं घर पंधरा पावलांवर आहे. या पंधरा पावलांत पाण्याचं काय होतं?"

भाऊंनी घसा खाकरला. "मावशी, ही तांत्रिक बाब आहे. आपण समिती नेमू." मोबाईल आपल्याकडं वळलेले त्यांना दिसले आणि त्यांच्यातला कसलेला गडी जागा झाला. त्यांनी दुसरा पेला, पांढऱ्या पाण्याचा, उचलला. "माझी जनता जे पाणी पिते ते मी पिणार. घ्या शूटिंग."

टाळ्या पडायला सुरुवात झालीच होती. मालनबाईंनी त्यांच्या हातातून पेला काढून घेतला.

"ठेवा तो. तुम्ही प्यालात आणि तुम्हाला काही झालं नाही, की हे लोक म्हणणार पाणी चांगलं आहे. काही झालं, तर दवाखान्यात पडून हार घ्याल. एक चमत्कार आत्ता कुठं उतरवलाय, दुसरा चढवू नका. पाणी पिऊन दाखवणं तुमचं काम नाही. ते नीट पोचवणं तुमचं काम आहे."

टाळ्या थांबल्या. भाऊ काही बोलणार तोच मागून अजिनाथ आला. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत एक कागद.

"मी सांगतो. मोरीखाली मेन लाइन गटारातून गेलीय. भाऊंच्या मेव्हन्याच्या मंगल कार्यालयाला जाड कनेक्शन द्यायला तिथं पाइप कापला, आन् जोड सायकलच्या ट्यूबनं बांधला. पानी चालू असलं की जोडातून भाईर गळतं. पन खालच्या आळीत समद्यांनी नळाला मोटारी लावल्यात. पाइपातलं पानी कमी झालं की मोटार गटार आत ओढती. मी सा म्हयन्यांमागं लिहून दिलंय, ह्यो शिक्का. आन् ह्यो भाऊंचा शेरा."

पत्रकारानं कागद घेऊन मोठ्यानं वाचला. शेरा दोनच शब्दांचा होता. "चर्चा करावी."

"मोटार माझ्याही नळाला आहे," मालनबाई हळू आवाजात म्हणाल्या. "दिवाळीत मुलानं बसवली. पाणी येईना, म्हणून मीही ओढत होते. मला काल कळलं, काय ओढत होते ते."

मग मांडव मोरीवर रिकामा झाला. पहारी आल्या, फरशी उचकटली. काळ्या पाण्यात पाइप होता, त्याला गुंडाळलेली ट्यूब होती, आणि ट्यूबच्या भेगेतून गटार निवांत आत-बाहेर करत होतं. आळीभरातली माणसं वाकून बघत राहिली.

दगडाबाई मात्र मोरीवर गेल्या नव्हत्या. त्या मांडवातच, निकिताचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "मालनताई, गाडी बोलवा," त्या म्हणाल्या. "मी परत धाडली ती."

निकिता वाचली. नगरच्या दवाखान्यात अठरा दिवस होती. मूल वाचलं नाही. मुलगी होती. डॉक्टर मालनबाईंना बाजूला घेऊन म्हणाले, चार दिवस आधी आणायला हवं होतं. मालनबाईंना ते ठाऊक होतं. त्या बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या, आणि एकतीस वर्षांत दुसऱ्यांच्या घरी कधी आलं नव्हतं तेवढं रडू त्यांना त्या परक्या बाकावर आलं.

पाइप आठ दिवसांत बदलला. सहा महिने जे चर्चेत होतं, ते आठ दिवसांत झालं. निकिता घरी आली तेव्हा श्रीमंतभाऊ भेटायला आले. खुर्चीत बसले, हळहळले. "देवीची इच्छा, पोरी. तिच्यापुढं कुणाचं चालतं?"

निकिता भिंतीला टेकून बसली होती. डोळे अजून पुरते पांढरे झाले नव्हते.

"भाऊ," ती म्हणाली, "त्या अर्जावर सही कुनाची पायजे हुती? देवीची का तुमची?"

भाऊंनी चहा अर्धाच ठेवला. कापलेल्या पाइपावरून चौकशी लागली आहे, सभापतिपद गेलं आहे. पुढं काय होईल ते आळी बघते आहे, आणि या खेपेला ती बघते आहे हेच पुष्कळ.

निकिता घरी आल्यानंतरच्या मंगळवारी दहा-बारा बायका मालनबाईंच्या दारात आल्या. हातात नारळ, खण, हार. पुढं होऊन एकीनं त्यांचे पाय धरले. "बाई, तुमच्या हातानं पानी शेंदरी झालं. आमच्या घरी पन येऊन थेंब टाका. तुमचा हात लई पवित्र हाय."

मालनबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. पंधरा दिवस या बायकांनी त्यांना फुली मारली होती. आता हार घालायला आल्या होत्या. फुलीतही माणूस एकटं पडतं आणि हारातही, हे त्यांना त्या क्षणी कळलं.

"नारळ परत न्या," त्या म्हणाल्या. "पाया पडलात तर उद्या नवा बुवा माझ्याच नावानं मांडव घालील. तुम्हाला काही करायचंच असेल तर एक करा. मोटारी काढा, माझी मी तेव्हाच काढली. ही बाटली घ्या. रोज एका घरानं आपल्या नळाचं पाणी तपासायचं, पिवळं का पांढरं ते मोरीवरच्या भिंतीवर खडूनं लिहायचं, सगळ्यांना दिसेल असं. पांढरं दिसलं तर देवळात जाऊ नका. नगरपालिकेत जा, आणि पाइप बघायला माणूस येईस्तोवर तिथून उठू नका. देव पाऊस देत असेल नसेल, मी त्यात पडत नाही. नळाला येणारं पाणी माणसं सोडतात. त्याचा जाब माणसांनाच विचारायचा."

बायका चुळबुळल्या. एकीनं बाटली घेतली. चहाला कुणी थांबलं नाही. देवीकडं येतात तशा त्या आल्या होत्या आणि तशाच गेल्या.

पुढं एका सकाळी मालनबाईंनी एका कपाचं आधण ठेवलं. भिंतीवर टकटक झाली. एकदाच, जरा थांबून दुसऱ्यांदा. त्यांनी आधणात आणखी एक कप पाणी घातलं आणि दार उघडलं.

निकिता ओट्यावर बसली होती. समोर काचेचा पेला, हातात बाटली. आज दगडाबाईंच्या घराची पाळी होती. तिनं मोजून थेंब टाकले. पाणी फिकट पिवळं झालं. ती त्या रंगाकडं खूप वेळ बघत राहिली.

"मावशी, ह्यो रंग तवाच दिसला असता तर?"

मालनबाई तिच्या शेजारी बसल्या. खोटं सांगणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

"तर ती असती," त्या म्हणाल्या.

निकितानं मान हलवली. मग खडू घेऊन ती मोरीकडं गेली आणि भिंतीवर तारीख घालून लिहिलं, पिवळं.